माळ्यावरचा बेंजो पुन्हा बोलता करा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ज्या वस्तीवर कधीकाळी गायन पार्टी होती, तिथे कुणाच्या तरी माळ्यावर एक लाकडी पेटी हटकून सापडते. वर टाइपरायटरसारखी बटणे, खाली गंजलेल्या तारा, त्यातली एखादी तुटून मिशीसारखी वर आलेली. चौकशी केली की उत्तर ठरलेले असते. "पार्टीचा बेंजो आहे. तारा गेल्या. आता कल्याणला न्यायला वेळ कोणाला आहे?" मग १४ एप्रिल जवळ आला की वर्गणी काढून डीजे सांगितला जातो, आणि पार्टीतले गाणारे बाजूला उभे राहून आपलीच गाणी स्पीकरवर ऐकतात.

वाचकहो, बेंजो असा सहजासहजी मरत नाही. त्याच्या तारा मरतात, कळांच्या स्प्रिंगा सुस्तावतात, घोडी जागची हलते. या तिन्ही गोष्टी घरी दुरुस्त होतात. त्यासाठी मोठा कारागीर लागत नाही. एक दुपार लागते, पक्कड लागते आणि सूर ऐकणारा कान लागतो. तारांचा खर्च बहुतेक वेळा शेतावरच्या एका दिवसाच्या मजुरीत बसतो. नववी-दहावीतल्या मुलामुलींनी हे काम हाती घेतले तर ते मोठ्यांपेक्षा चांगले करतील, कारण त्यांचे कान ताजे असतात आणि बोटे बारीक.

आधी हे वाद्य आहे तरी कोणाचे ते पाहू. नावाने बराच घोटाळा करून ठेवला आहे. खरा बॅन्जो अमेरिकेकडचा. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी आपल्या मायदेशातल्या वाद्यांच्या आठवणीवर, भोपळ्याला कातडे मढवून आणि दांडी बसवून तो घडवला. पुढे गोऱ्यांनी तोंडाला काळे फासून त्याच गुलामांची टवाळी करणारे खेळ लावले आणि त्या खेळांत तोच बॅन्जो वाजवून पैसा केला. विसाव्या शतकात त्याचा चार तारांचा टेनर बॅन्जो निघाला. १९२० च्या दशकात टेनर बॅन्जो वाजवणाऱ्यांना नवे काही न शिकता गिटार धरता यावी म्हणून चार तारांची टेनर गिटारही निघाली. आपल्या बेंजोचे या घराण्याशी नावापलीकडे नाते नाही. त्याला कातडे नाही आणि दांडीही नाही.

आपला बेंजो मुळात जपानचा. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या कल्पक माणसाने तो बनवला. जपानचे जुने कोतो हे वाद्य माणसाएवढे लांब, महाग आणि शिकायला अवघड. मोरिताने छोट्या पेटीवर तारा ताणल्या आणि टाइपरायटरच्या धर्तीवर बटणे आणून त्यांच्यावर बसवली. बटण दाबले की खालची तार योग्य जागी पडद्यावर दाबली जाते; बोटाने जागा शोधायची कटकट नाही. त्याच वर्षी जपानात तैशो राजवट सुरू झाली, म्हणून वाद्याचे नाव पडले तैशोगोतो. तिथून ते जगभर गेले. बलुचिस्तानात त्याला बेंजू म्हणतात, आपल्या उत्तरेकडे बुलबुल तरंग म्हणतात, आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर ताराब गाण्यांच्या साथीला तेच वाजते. आपल्याकडे मुंबईच्या गल्लीपासून खेड्यातल्या हळदीपर्यंत सगळीकडे तो बेंजो झाला. २०१६ साली रवी जाधव यांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटही काढला, तो मुंबईतल्या याच वाजवणाऱ्यांवर.

मला या वाद्याचे कौतुक आणखी एका कारणाने आहे. आपल्या गावगाड्यात प्रत्येक वाद्याला जात चिकटवलेली. हलगी कोणी बडवायची, सनई कोणी फुंकायची, कोणाच्या दारात किती अंतरावर उभे राहून वाजवायचे, सारे ठरलेले. वाजवणाऱ्याची कला सगळ्यांना हवी, वाजवणारा मात्र ओट्याच्या खाली! बेंजो या जंजाळात उशिरा आला आणि बलुत्याच्या वहीत त्याचे नाव चढलेच नाही. तो आगरी-कोळ्यांच्या हळदीत वाजतो, गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो आणि जयंतीलाही वाजतो. तो कोणी वाजवावा असे विचारणारा कोणी नाही. बाबासाहेबांनाही व्हायोलिन शिकण्याची हौस होती. वाद्य हातात धरायला जन्म नव्हे, सराव लागतो हे ज्याला पटले, त्याने बेंजोच्या तारेला हात घालायला घाबरू नये.

आपला हा मुलूखही गाण्याच्या वाटांवरचा आहे. कसारा घाट चढला की नाशिक जिल्हा लागतो. तिथल्या भीमराव कर्डकांनी जलसे उभे केले आणि तिथल्याच सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली वामनदादा जन्मले. माळशेज घाट चढला की जुन्नरकडून तमाशाचे नारायणगाव जवळ, आणि खाली उतरले की कल्याण, उल्हासनगर, मुंबई. जलशाची मूळ वाद्ये ढोलकी, डफ, तुणतुणे, झांज. बेंजो हा नंतरचा पाहुणा. पण उघड्यावरच्या कार्यक्रमात ढोलकीच्या वर ज्याचा सूर स्पष्ट निघतो असे स्वस्त वाद्य दुसरे नाही. पेटी ढोलकीखाली दबते, बेंजो दबत नाही.

आता कामाला लागू.

पेटी खाली काढा, कोरड्या कापडाने पुसा, आणि काही सोडण्यापूर्वी मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. कोणती तार कोणत्या खुंटीला गेली आहे, घोडी नेमकी कुठे उभी आहे, हे फोटोत दिसले पाहिजे. घोडीच्या दोन्ही टोकांशी लाकडावर पेन्सिलीने बारीक खूण करा. बऱ्याच बेंजोंत घोडी चिकटवलेली नसते. ती केवळ तारांच्या दाबाने उभी असते. सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती आडवी होते आणि मग तिची जागा शोधत बसावे लागते. म्हणून नियम असा की एक तार काढावी, तिच्या जागी नवी लावावी, मगच दुसरीला हात घालावा. घाई करणारा शेवटी दुप्पट वेळ घालवतो.

तार कापण्यापूर्वी खुंटी उलटी फिरवून तिचा ताण पूर्ण उतरवा. ताणलेली पोलादी तार पकडीने तोडली तर तिचे टोक उसळून डोळ्यात जाऊ शकते. लहान मुले शेजारी बसली असतील तर हे त्यांना आधी सांगा.

तार कोणती घ्यावी हा खरा कळीचा प्रश्न. वाद्यांच्या दुकानात पोलादी तारेला नंबर असतात. ० नंबरची तार साधारण ०.२३ मिलिमीटर जाड, १ नंबर ०.२५, २ नंबर ०.२८ आणि ३ नंबर ०.३०. सतारीच्या बाजाच्या तारेला बहुधा ३ नंबर वापरतात. बेंजोच्या सुराच्या तारा एकाच सुरात लावायच्या असल्यामुळे त्या एकाच नंबरच्या हव्यात. साथीच्या, म्हणजे कळांखाली न येता नुसत्या झंकारणाऱ्या तारा असतील तर त्या वेगळ्या जाडीच्या असू शकतात. जुन्या प्रत्येक तारेचा वीतभर तुकडा कागदाला चिकटवून, त्यावर तिची जागा लिहून दुकानात न्या. शहापूरकरांनी आसनगावहून लोकल धरावी, मुरबाडकरांनी एस.टी.; कल्याणात काम होते. एकेक तार जास्तीची घ्या.

"जाड तार घेतली की तुटणार नाही," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नका. तीच लांबी आणि तोच सूर ठेवून ० नंबरच्या जागी ३ नंबर लावली, तर पेटीवर पडणारा ताण जवळजवळ पावणेदोन पट होतो, कारण ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. तार टिकते आणि पेटीचे सांधे सुटतात! उलट फार बारीक तार लावली तर ती सैल लोंबते, नखी लागली की खडखडते. बारावी विज्ञानाला असलेल्या मुलांनी कॉलेजात सोनोमीटरचा प्रयोग केलेला असतो. लांबी, ताण आणि जाडी यांवर सूर कसा ठरतो हेच त्यात असते. तो प्रयोग म्हणजे निम्मा बेंजोच. मुलाला त्याची वही घेऊन शेजारी बसवा.

तारेच्या ताणाची गोष्ट निघाली की सोण कोळिविसाची आठवण येतेच. अंगुत्तर निकायात ती आहे. हा सोण पूर्वी वीणा वाजवणारा. चालून चालून तळपायांतून रक्त येईतो त्याने साधना केली, तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेच्या तारांबद्दल प्रश्न विचारला. फार ताणलेली तार आणि फार सैल तार, दोन्ही बोलत नाहीत हे त्याला सांगावे लागले नाही, त्याला ते हातांनी माहीत होते. पहिल्यांदा तार लावणाऱ्याने दोन्ही टोके एकदा अनुभवावीत. खुंटी सैल ठेवून तार छेडा, मग थोडी थोडी चढवत न्या. एका जागी आवाज एकदम भरतो, पेटीचे लाकूड हाताला कापल्यासारखे लागते. तिथेच थांबायचे असते.

सायकलच्या ब्रेकची वायर लावणारेही आहेत. ती अनेक धाग्यांची पिळलेली असते. सगळी लावली तर बोलतच नाही. त्यातला एक धागा सोडवून काहीजण वेळ निभावतात, पण त्या धाग्यात पिळाचा बाक राहतो आणि सूर कधी सरळ लागत नाही. रात्रीच्या कार्यक्रमात तार तुटली आणि दुसरी नाहीच, तर ठीक. सकाळी ती काढून टाका.

तारेच्या फासाचे टोक खिळ्यात अडकवा, दुसरे टोक खुंटीच्या भोकातून ओवा आणि तीन-चार वेढे बसतील एवढी तार ठेवून बाकीची नंतर कापा. वेढे एकाखाली एक सुबक बसले पाहिजेत. एकावर एक चढले तर तार घसरत राहते आणि सूर सारखा उतरतो. तार ज्या खाचेतून जाते तिथे पेन्सिलीचे शिसे घासा. ते वंगणाचे काम करते. खुंटी भोकात फिरत असेल, धरत नसेल, तर भोकात जुन्या वहीच्या कागदाची एक पातळ पट्टी घालून ती पुन्हा दाबून बसवा.

नवी तार लावली की ती लगेच सुरात राहत नाही. सुराला आणा, बोटाने मधोमध हलके वर ओढा, पुन्हा सुराला आणा. असे पाच-सहा वेळा केले की ती शहाणी होते.

मग घोडी. बेंजो जुळवूनही गाणे बेसूर वाजते अशी तक्रार करणाऱ्या दहांपैकी बहुतेकांची घोडी चुकलेली असते आणि ते बिचारे खुंट्या पिळत बसतात. तपासायचे असे. तार मोकळी छेडा. मग काळ्या-पांढऱ्या सगळ्या कळा धरून मोजत बारावी कळ दाबा आणि छेडा. तोच सूर वरच्या सप्तकात आला पाहिजे. तार अर्धी झाली की सूर बरोबर दुप्पट चढतो, त्यामुळे बाराव्या कळेचा पडदा तारेच्या जवळजवळ मध्यावर असतो. वरचा सूर चढा लागला तर घोडी कळांपासून किंचित लांब सरकवा. उतरा लागला तर जवळ आणा. किंचित म्हणजे नखाच्या जाडीएवढे. दर वेळी मोकळी तार पुन्हा सुराला लावून मगच तपासा. हे काम कंटाळवाणे आहे. पण एकदा नीट झाले की पेन्सिलीची नवी खूण करून ठेवा, पुढची पाच वर्षे त्रास नाही.

घोडीची उंचीही पाहावी. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर कळ जड लागते आणि दाबताना तार ओढली जाऊन सूर चढतो. फार खाली असतील तर तार शेजारच्या पडद्याला घासून झरझर आवाज येतो. घोडी उंच असेल तर तिच्या तळाला पॉलिश पेपर लावून थोडी घासा, ठेंगणी झाली असेल तर खाली पत्त्याचा तुकडा घाला.

कळांचे काम थोडक्यात. जी कळ दाबली की वर येत नाही तिची स्प्रिंग थकलेली आहे किंवा तिच्या वाटेत धूळ, मुंग्या, कोळिष्टक अडकले आहे. आधी ब्रशने साफ करा. निम्म्या कळा तेवढ्यानेच उठतात. स्प्रिंग खरोखर गेली असेल तर बॉलपेनची स्प्रिंग कापून बसते का ते पाहा. कळांमध्ये खोबरेल तेल ओतू नका. काही दिवसांत ते चिकट होते आणि मग सगळ्या कळा मिळून संप करतात.

बेंजोला पिकअप असेल, म्हणजे तो अँप्लिफायरला जोडता येत असेल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. पिकअपमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्याला फक्त पोलाद कळते. नुसती पितळेची तार लावली तर ती हवेत वाजेल, स्पीकरमधून येणार नाही. आवाजच येत नसेल तर बेंजो उघडण्याआधी वायर बदलून पाहा. बहुतेक वेळा दोष वायरीच्या टोकाशी असतो. आणि माझे मत विचाराल तर, विहारात पंचवीस-तीस माणसांत बसून गाताना अँप्लिफायर लागतच नाही. रात्री १० नंतर स्पीकर बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून देशभर आहेच. बिनास्पीकरचा बेंजो त्यानंतरही कोणाची झोप न मोडता वाजू शकतो.

शेवटी जुळवणी. पेटीचे सूर कारखान्यात ठरलेले असतात, ते हलत नाहीत; म्हणून बेंजोने पेटीकडे यावे. गाणाऱ्याची पट्टी विचारा. समजा बेंजो पांढरी एकला लावलेला आहे आणि गायक काळी दोन सांगतो. तार तीन सुरांनी चढवावी लागेल आणि ताण सुमारे ४१ टक्के वाढेल. जुनी तार इथेच तुटते. त्यापेक्षा सुराच्या तारा जागच्या जागी ठेवून काळी दोनचा सा कोणत्या कळेवर येतो ते शोधावे आणि तिथून वाजवावे. सगळ्या बाराही सुरांच्या कळा आहेत, मग खुंटी कशाला पिळायची? फक्त साथीच्या झंकाराच्या तारा तेवढ्या गायकाच्या सा आणि प ला लावाव्या लागतात. नवशिक्याला हे अवघड जाते हे खरे. त्याने सुरुवातीला एकाच पट्टीत गाणाऱ्याबरोबर बसावे.

सुराच्या दोन तारा एकमेकींशी जुळवताना कान असा लावा. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. दोन सुरांत सेकंदाला तीन कंपनांचा फरक असेल तर सेकंदाला तीन लाटा येतात. खुंटी फिरवत जाल तशा लाटा संथ होतात, आणि तारा जुळल्या की लाट थांबते. मोबाइलवरचे सूर दाखवणारे अॅप चालते, पण ही लाट ऐकायला शिकलेल्या मुलीला अॅपची गरज पडत नाही. महिला मंडळातल्या एकीने तरी हे शिकून घ्यावे. रमाई जयंतीला बायका गातात आणि वाद्य जुळवायला पुरुषाची वाट पाहतात, हे दृश्य आता जुने व्हायला हवे.

राहिला पाऊस. आपल्याकडचा पाऊस म्हणजे तानसा, भातसा भरून मुंबईची तहान भागवणारा. तो तारेला सोडील कसा? आणि नेमके पावसातच, वर्षावासात, विहारात रोज संध्याकाळी माणसे जमतात, ग्रंथवाचनानंतर गाणी होतात. वाजवून झाले की हाताचा घाम लागलेल्या तारा कोरड्या कापडाने पुसाव्यात. कापडावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घेऊन तारांवरून फिरवला तर गंज लांबतो. लाकडाला आणि कळांना मात्र तेल लागू देऊ नका. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नये, भिंत ओल धरते. चुलीजवळही नको, एका अंगाने वाळले की लाकूड वाकते. जुन्या सुती लुगड्यात गुंडाळून फळीवर ठेवावी. महिना-दोन महिने वाजवायची नसेल तर सगळ्या तारा दोन-दोन सुरांनी उतरवाव्यात, पूर्ण सैल करू नयेत, नाहीतर घोडी पुन्हा आडवी होईल.

तारा बदलायच्या त्या आषाढ पौर्णिमेच्या निदान आठ दिवस आधी बदला. नवी तार पहिले काही दिवस रोज थोडी उतरते, आणि ओलसर हवेत लाकूडही हलते. रोज संध्याकाळी दहा मिनिटे बसून ती सुराला आणावी, दोन-चार गाणी वाजवावीत. आठव्या दिवशी खुंटीला हात लावावा लागत नाही.